चिठ्ठीतलं स्टेरॉईड आणि घाटातली धाव

साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला यवतेश्वरचा घाट टाळता येत नाही. कुणी तो गाडीने चढतो, कुणी पायी, आणि गेल्या काही वर्षांत कुणी धावत. २०१२ पासून आमच्याकडे या घाटात अर्धमॅरेथॉन होते. एकवीस किलोमीटर अंतर. आधी कासच्या दिशेने चढत जायचं आणि तिथून मागे फिरून उतरत यायचं. २०२२ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी ती पहिल्यांदा पुरी केली. घड्याळाकडे बघण्यात अर्थ नव्हता, पण शेवटची रेघ ओलांडली हे खरं. २०२३ च्या शर्यतीसाठीही मी नाव नोंदवलं.

त्या वर्षीच्या जुलैतली एक सकाळ सांगतो. घाटाच्या पायथ्याशी आम्ही चार-पाच जण बुटांच्या नाड्या आवळत होतो. बरोबरचा एक धावपटू म्हणाला, “काय हो, गोळ्या कसल्या चालू आहेत म्हणे तुम्हाला?”

“सांध्यांच्या,” मी म्हटलं. “थोडं स्टेरॉईड आहे त्यात.”

“स्टेरॉईड? आणि शर्यतीत धावणार? अहो, ही तर फसवणूक झाली. शिवाय त्याने शरीराची वाट लागते. आधी बंद करा ते.”

माणूस भला होता. माझ्या काळजीनेच बोलला. मी घरी आलो आणि त्या दिवसापासून गोळी बंद केली. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. त्याचं काय झालं ते पुढे सांगतोच. पण त्याच्या त्या दोन वाक्यांत किती घोटाळे होते, हे मला नंतर कळलं. आज त्या घोटाळ्यांबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस आहे. पण हे औषध आठ महिने पोटात घेतलं, त्याबद्दल डॉक्टरांना छळछळून विचारलं, त्यामुळे सांगण्यासारखं थोडं गोळा झालं आहे.

पहिला घोटाळा नावाचा. ‘स्टेरॉईड’ हे एका औषधाचं नाव नाही, ते एका मोठ्या घराण्याचं आडनाव आहे. कार्बनच्या चार कड्या एकमेकींत गुंफलेल्या, तीन षटकोनी आणि एक पंचकोनी, अशी ज्या रेणूंची ठेवण असते ते सगळे या घराण्यातले. आपल्या शरीरात अशी कितीतरी द्रव्यं रोज तयार होतात. आडनाव एक असलं तरी भावाभावांचे स्वभाव वेगळे असतात, तसंच इथे आहे. एक भाऊ स्नायू वाढवतो. पुरुषपणाचं जे संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, त्याच्या वळणावर प्रयोगशाळेत केलेली ही औषधं. त्यांना ॲनाबॉलिक स्टेरॉईड म्हणतात. दुसरा भाऊ सूज उतरवतो. तो कॉर्टिकोस्टेरॉईड. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बुडेसोनाईड ही नावं तुम्ही चिठ्ठीवर वाचली असतील, ती याची. दमा, सांध्यांचा आमवात, आतड्याची सूज, त्वचेचे काही विकार, यांत डॉक्टर देतात तो हा भाऊ.

लोकांच्या मनात ठसला आहे तो पहिला. मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. २४ सप्टेंबर १९८८ रोजी सेऊलच्या ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन शंभर मीटर ९.७९ सेकंदांत धावला. सगळ्या जगाने तोंडात बोट घातलं. तीन दिवसांत त्याचं पदक काढून घेतलं गेलं, कारण त्याच्या लघवीत स्टॅनोझोलोल सापडलं. ते ॲनाबॉलिक स्टेरॉईड. सुवर्णपदक कार्ल लुईसला मिळालं. तेव्हापासून आपल्याकडे स्टेरॉईड म्हटलं की दंड फुगवलेला माणूस आणि हिसकावून घेतलेलं पदक, एवढंच डोळ्यांपुढे येतं.

दुसऱ्या भावाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ती अमेरिकेतल्या रोचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये घडली. फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांनी एक विचित्र गोष्ट पाहिली होती. आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की त्याचे सांधे काही काळ सुधारत. बाई गरोदर राहिली की तेव्हाही सांध्यांचं दुखणं हटे. म्हणजे शरीर स्वतःच असं काहीतरी तयार करतं की ज्याने हा आजार मागे सरतो, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडॉल ॲड्रेनल ग्रंथींतून निरनिराळी द्रव्यं वेगळी करत होते. त्यातलं एक द्रव्य सप्टेंबर १९४८ मध्ये एकोणतीस वर्षांच्या एका स्त्रीला टोचण्यात आलं. तिला अंथरुणात कूस बदलणं कठीण झालं होतं. काही दिवसांतच ती चालू लागली, आणि आठवड्याभरात बाजारात खरेदीला जाऊन आली. ते द्रव्य म्हणजे कॉर्टिसोन. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउस राइखस्टाइन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. पण ज्या डॉक्टरांनी हा चमत्कार पाहिला, त्यांनाच लवकर त्याची दुसरी बाजूही दिसली. रुग्णांचे चेहरे गोल होऊ लागले, हाडं ठिसूळ झाली, मनं सैरभैर झाली, आणि औषध थांबवलं की आजार परत आला.

आता माझं सांगतो. २०२३ च्या रमजानमध्ये एका पहाटे सहरीला उठलो तर हाताची मूठ वळेना. पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. फजरच्या नमाजला सजद्यात गेलो, पण उठताना मनगटं भार घेईनात. वाटलं, वय झालं. पण हा ताठरपणा रोज दीड-दोन तास टिकू लागला. दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पावलांचे पुढचे सांधे सुजले. पुण्याच्या सांधेविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी रक्त तपासून सांगितलं, ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. यात शरीराचं संरक्षक दळ आपल्याच सांध्यांवर चालून जातं. त्यांनी दोन औषधं दिली. एक मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. ते मूळ आजाराला आवर घालतं, पण त्याचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रोगी कळवळत राहू नये आणि सांधे झिजू नयेत म्हणून दुसरं, प्रेडनिसोलोन, रोज १५ मिलिग्रॅम. “हा नदीवरचा तात्पुरता पूल आहे,” त्या म्हणाल्या. “पलीकडे पोहोचलात की काढून टाकायचा. त्यावर घर बांधायचं नाही.”

पहिल्या गोळीनंतर तिसऱ्या दिवशी मी शर्टाची बटणं स्वतः लावली. आठव्या दिवशी जिना धावत उतरलो. पंधरा दिवसांत मला असं वाटायला लागलं की आजारापूर्वीही मी इतका ठणठणीत नव्हतो. भूक राक्षसासारखी. झोप मात्र उडाली. रात्री तीनला टक्क जाग यायची आणि कविता सुचायच्या. आठवड्याला दोन कविता लिहिणारा मी एका रात्रीत पाच लिहू लागलो. बायको म्हणाली, “अहो, जरा निजा. कविता कुठे पळून जाणार आहेत?” सकाळी वाचल्या तर त्यातली एकही ठेवण्यासारखी नसायची. हेही त्या गोळीचंच काम होतं. हे औषध मेंदूवर असं चढतं की काहींना विनाकारण उत्साह वाटतो, काहींना चिडचिड होते, काही खिन्न होतात.

याच उत्साहात मी चूक केली. डॉक्टरांनी फक्त चालायला सांगितलं होतं. मी एका रविवारी चौदा किलोमीटर घाट चढून उतरलो. श्वास लागला नाही, गुडघा दुखला नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टाचेच्या वरची ती जाड दोरी, जिला कंडरा म्हणतात, ती अशी ठणकली की पाऊल टेकवेना.

हा प्रकार नीट समजून घ्यायला हवा. धावणाऱ्या माणसाचा सगळ्यात विश्वासू प्रशिक्षक म्हणजे त्याचं दुखणं. कुठे खेच बसली, कुठे सूज आली, कुठे थांबावं हे तेच सांगतं. प्रेडनिसोलोन त्या प्रशिक्षकाच्या तोंडावर हात ठेवतं. सूज उतरते, वेदना मंदावते, पण आतली इजा जिथल्या तिथे असते. म्हणून या गोळीवर असताना ‘मला बरं वाटतंय’ या वाक्यावर धावण्याचा आराखडा बेतायचा नसतो. बरं वाटणं गोळीच्या पहिल्या आठवड्यात येतं. बरं होणं काही महिन्यांनी येतं. मधल्या काळात डॉक्टर सांगतील तेवढंच अंतर, आणि तेही घड्याळ लावून.

टाचेची कंडरा हे तर यातलं ठरलेलं दुबळं ठिकाण. स्टेरॉईडने कंडरा नाजूक होतात. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविकं घेतली तर ती तुटण्याचा धोका वाढतो, साठीच्या पुढे तर अधिकच. आपल्याकडे जुलाब झाले किंवा लघवीला जळजळ झाली की दुकानदाराला सांगून ही औषधं आणली जातात. तसं करू नये.

दुसरं, मांड्या. पुष्कळांना वाटतं स्टेरॉईडने ताकद येते. या भावाच्या बाबतीत उलट आहे. जास्त मात्रा किंवा जास्त दिवस घेतलं तर हे औषध स्नायूंमधली प्रथिनं मोडून खातं, आणि सुरुवात मांड्या आणि कंबरेच्या स्नायूंपासून होते. खाली बसलेलं असताना हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, ही त्याची खूण. त्यावर उपाय व्यायाम हाच आहे, पण बेताचा. डॉक्टरबाईंनी मला धावणं कमी करून खुर्चीतून उठबस, हलकी वजनं, भिंतीला टेकून बैठका असं शिकवलं. जेवणात अंडी, डाळ, मोडाची उसळ, दही वाढवायला सांगितलं. पापड-लोणचं कमी करायला सांगितलं, कारण हे औषध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, रक्तदाब वाढवतं.

तिसरं, हाडं. स्टेरॉईड घेणाऱ्याची हाडं पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगाने विरळ होतात. धावपटूला नडगीत किंवा पावलाच्या हाडात बारीक चीर पडण्याची भीती असतेच, ती यात वाढते. म्हणून डॉक्टर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जोडीला देतात. ते ‘फालतू’ म्हणून सोडायचं नसतं. क्वचित, विशेषतः मोठ्या मात्रेनंतर, मांडीच्या हाडाच्या गोलाकार डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते डोकं खचतं. जांघेत दुखणं, मांडी घालून बसता न येणं ही त्याची सुरुवात. कोविडच्या उपचारात स्टेरॉईड घेतलेल्या काहींमध्ये हे झाल्याचं २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं होतं. जांघेतलं दुखणं ‘धावल्यामुळे असेल’ म्हणून अंगावर काढू नये.

चौथी गोष्ट साखरेची. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं की रक्तातली साखर दुपारनंतर चढते आणि रात्री उतरते. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी केलेली तपासणी चांगली येऊ शकते आणि माणूस निर्धास्त राहतो. जेवणानंतरची साखर पाहायला हवी. पाचवी पोटाची. लांब धावणाऱ्यांपैकी कितीतरी जण खिशात वेदनाशामक गोळी ठेवतात. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी आणि स्टेरॉईड एकत्र पोटात गेली तर जठराला व्रण पडून रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. आणि सहावी, जखम. पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी पायाला फोड येतात. स्टेरॉईडवर असताना जखम उशिरा भरते आणि आत पू झाला तरी ताप येत नाही, कारण तापाची वर्दी देणारी यंत्रणाच दबलेली असते. रात्री निजण्यापूर्वी पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांत पाहायचं, ही सवय मला तेव्हा लागली.

इतकं ऐकून कुणालाही वाटेल की अशी गोळी घ्यावीच कशाला? फेकून द्यावी. आणि नेमका हाच सगळ्यात धोकादायक घोटाळा. आता जुलैतल्या त्या सकाळीकडे परत येतो.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ॲड्रेनल ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसोल तयार करते, आपलं घरचं स्टेरॉईड. पहाटेपासून ते वाढत जातं आणि आपण उठतो त्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं. ते नसेल तर रक्तदाब टिकत नाही, साखर टिकत नाही. आजार, अपघात, फार श्रम असा प्रसंग आला की ही ग्रंथी जादा कॉर्टिसोल सोडून शरीर सावरते. शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसोल करतं, त्याची बरोबरी साधारण चार-पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करतं. मी घेत होतो १५. बाहेरून इतका माल येतोय म्हटल्यावर घरचा कारखाना काम थांबवतो. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस औषध चाललं की कामगार जणू सुट्टीवर जातात. अशात बाहेरचा माल एकदम बंद केला तर घरात काहीच नसतं.

माझं तेच झालं. गोळी बंद केल्यावर पहिल्या दिवशी थकवा. दुसऱ्या दिवशी अन्नावरची वासना गेली, अंग मोडून आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हट्टाने घाटाच्या पायथ्याशी गेलो. दोनशे पावलं धावलो असेन. डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी झाली, आणि मी रस्त्याच्या कडेच्या कठड्याला धरून खाली बसलो. ज्याने बंद करायला सांगितलं होतं, त्यानेच स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. रक्तदाब खाली गेला होता. शिरेतून सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर तासाभरात मी माणसात आलो. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, “काका, गोळी कुणी बंद केली?” मी म्हटलं, “मीच.” तो म्हणाला, “वेळेत आलात. रात्री एकटे असता तर कठीण होतं.” बायको शेजारी उभी होती. ती त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

म्हणून हे ठळक सांगतो. काही आठवडे चाललेलं स्टेरॉईड स्वतःच्या मनाने एका दिवसात कधीही थांबवू नका. ते पायरी-पायरीने उतरवायचं असतं. माझं १५ वरून साडेबारा, मग दहा, मग आणखी सावकाश, असं करत जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं. शेवटच्या पायऱ्या सगळ्यात हळू, कारण तेव्हा घरचा कारखाना पुन्हा सुरू व्हायचा असतो. उपास असो की रोजा, गोळीची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायची नाही. आजारी माणसाला दोन्हीकडे सवलत आहे. उलट्या-जुलाब होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तापाच्या दिवसात धावायचं नाही. डॉक्टर तेव्हा मात्रा तात्पुरती वाढवतात. आणि बाहेर पडताना खिशात एक कागद ठेवायचा. आपलं नाव, घरचा फोन, आणि ‘मी प्रेडनिसोलोन घेतो, इतके मिलिग्रॅम’. रस्त्यात पडलो तर उचलणाऱ्याला हे कळायला हवं.

मी पूर्वी पहाटे पाचला रिकाम्या पोटी धावायला जात असे. तेही बदललं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, म्हणजे ती शरीराच्या नैसर्गिक वेळेशी जुळते आणि रात्रीच्या झोपेलाही कमी त्रास होतो. त्यानंतर तासाभराने व्यायाम. एक दिवस चालणं, एक दिवस हलक्या बैठका, एक दिवस आराम. सांधा सुजला असेल त्या दिवशी धावणं नाही. असे तीन महिने.

आता त्या पहिल्या आरोपाचं, फसवणुकीचं. यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट सांगतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, जिला ‘वाडा’ म्हणतात, ती १९९९ मध्ये स्थापन झाली. तिच्या यादीत ॲनाबॉलिक स्टेरॉईडवर बारा महिने चोवीस तास बंदी आहे. कॉर्टिकोस्टेरॉईडचा नियम वेगळा. ती तोंडाने घेतलेली किंवा टोचलेली असतील तर फक्त स्पर्धेच्या काळात बंदी आहे. २०२२ पासून सांध्यात दिलेलं इंजेक्शनही त्यात आलं. श्वासावाटे घ्यायचा पंप, नाकातला फवारा, त्वचेवरचं मलम हे ठरलेल्या मात्रेत चालतं. आणि ज्या खेळाडूला खरोखर आजार आहे, त्याला कागदपत्रं देऊन उपचारासाठी सवलत मागता येते. आपल्याकडे हे काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, ‘नाडा’, पाहते.

इतकी कागदं कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगच्या गोष्टीत आहे. १९९९ च्या टूर द फ्रान्समध्ये त्याच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉईडचा अंश सापडला. बैठकीच्या जागी झालेल्या फोडावर मलम लावलं होतं, असं सांगणारी डॉक्टरची चिठ्ठी त्याने दाखवली आणि प्रकरण मिटलं. ती चिठ्ठी मागची तारीख टाकून नंतर बनवलेली होती, हे २०१२ च्या चौकशीत उघड झालं आणि २०१३ मध्ये त्याने स्वतः कबूल केलं. खोट्या चिठ्ठ्या निघतात म्हणून खऱ्या चिठ्ठीवाल्याला जास्त जपावं लागतं. माझ्यासारख्या शेवटून पहिल्या धावपटूला कुणी तपासत नाही, पण जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींनी चिठ्ठी, तपासण्यांचे कागद जपून ठेवावेत आणि स्पर्धेच्या बरंच आधी प्रशिक्षकाला व डॉक्टरला एकत्र बसवावं. औषध लपवू नये.

लपवण्यावरून आठवलं. माझ्या बहिणीची मुलगी शाळेच्या संघात आठशे मीटर धावते. तिला लहानपणापासून दमा. मैदानावरचे एक सर म्हणाले, “पंपात स्टेरॉईड असतं, सवय लागेल, सोडून दे.” पोरगी भ्यायली. पंप दप्तरात लपवू लागली आणि सरावाला धापा टाकू लागली. तिला मी सांगितलं, “बेटा, पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. ती थेट श्वासनळीत जाते, अंगात फार थोडी उतरते. घेतल्यावर चूळ भरली की झालं.” तिने विचारलं, “मामू, मग मी लबाडी करत नाही ना?” मी म्हटलं, “चष्मा लावून पेपर लिहिणारी मुलगी कॉपी करते का?” तिच्या डॉक्टरांनी सरांना समजावून सांगितलं. आता ती पंप घेऊन धावते.

मात्र चिठ्ठीशिवायचं स्टेरॉईड ही गोष्ट निराळी. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांचे प्राण स्वस्तातलं डेक्सामेथासोन वाचवू शकतं. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. तरी २०२१ च्या लाटेत आपल्याकडे ते सरसकट दिलं-घेतलं गेलं. त्याच काळात महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसचे, त्या काळ्या बुरशीचे, रुग्ण पाहिले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉईडचा बेसुमार वापर ही त्यामागची मोठी कारणं होती. सांधेदुखीवर आणि दम्यावर ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांतही हेच औषध छुपेपणाने मिसळलेलं असतं. ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा गुण येतो आणि जिच्यावर घटक लिहिलेले नसतात, तिच्याविषयी शंका घ्यावी. एकच औषध. मोजून, गरजेपुरतं, नजरेखाली घेतलं तर ते माणसाला अंथरुणातून उठवतं.

२०२३ च्या शर्यतीत मी धावलो नाही. पहाटे घाटातल्या एका पाणपोईवर उभा राहिलो आणि पेले भरून दिले. तो मित्र धावत आला, पेला घेतला आणि म्हणाला, “पुढच्या वर्षी बरोबर येऊ.” मनात थोडं तुटलं, पण त्या महिन्यात मांड्या अजून माझ्या झाल्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं.

२०२४ मध्ये आम्ही बरोबर निघालो. स्टेरॉईड बंद होऊन सात-आठ महिने झाले होते, मेथोट्रेक्सेट चालू होतं, आजही आहे. चढ मी चालत चढलो, उतारावर हळू धावलो. वेळ सांगण्यासारखी नाही. पण वाटेत एका वळणावर डाव्या पावलात बारीक दुखलं. मी लगेच थांबलो, बूट सैल केला, दोन मिनिटं बसलो. मित्र म्हणाला, “काय झालं? दुखतंय का?”

“हो,” मी म्हटलं, “दुखतंय. कळतंय म्हणून बरं वाटतंय.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)